सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात दारातून कचरा उचलण्याची सोय कशी लावायची?

माजघर
सदाशिव पेठेत, खुन्या मुरलीधराजवळच्या एका बोळात आमचा जुना वाडा आहे. सासू-सासरे दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना आता सोबत लागते, म्हणून आम्ही दोघंही इथेच राहायला आलो आहोत. बोळ इतका अरुंद आहे की समोरून स्कूटर आली तर भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. घंटागाडी आत येऊच शकत नाही. ती सकाळी मोठ्या रस्त्यावर पाच-सात मिनिटं थांबते आणि पुढे जाते. नेमक्या त्या वेळेला आमच्याकडे औषधं, अंघोळी, डबे असं सगळं एकदम चाललेलं असतं. सासऱ्यांना तर लाकडी जिन्यावरून बादली घेऊन उतरणं जमणारच नाही.

पूर्वी कोपऱ्यावर मोठी कचराकुंडी होती, ती काढली. काढली ते चांगलंच झालं, पण लोकांची सवय तशीच राहिली आहे. रात्री अकरानंतर कोणीतरी विजेच्या डीपीपाशी पिशव्या टाकून जातं आणि पहाटेपर्यंत कुत्री-मांजरं त्या फाडतात. डीपीमागे घुशींनी बिळं केली आहेत आणि त्या आता वाड्याच्या जोत्यापर्यंत पोचल्या आहेत. मातीच्या भिंती आहेत हो, हे किती दिवस सहन होणार?

वाड्यात आम्ही धरून सहा बिऱ्हाडं आहेत. त्यातल्या दोन खोल्यांत स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात आणि तळमजल्यावर एक खाणावळ आहे. आम्हाला रोज दारातून कचरा नेणारं कोणी हवं आहे. कोणाला भेटायचं, पैसे कसे ठरवायचे, आणि सासूबाईंचे डायपर व सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सुया कशा द्यायच्या? पेठेतल्या मंडळींनी कृपया नीट सांगावं.

शनिपारकर
ताई, सगळ्यात आधी शेजारच्या बोळात कचरा कोण नेतं ते बघा. पेठेत बहुतेक ठिकाणी 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका घरोघरी जातात. प्रत्येकीच्या गल्ल्या ठरलेल्या असतात, त्यामुळे तुमचा बोळही कोणाच्या तरी वाट्याचा असणारच. मधे कोणी आजारी पडलं, गावाला गेलं, की अशी एखादी गल्ली सुटते. सकाळी नऊच्या सुमाराला ढकलगाडी दिसली की त्या मावशींनाच विचारा, "आमचा बोळ कोणाकडे आहे?" त्यांच्याइतकी अचूक माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते.

त्यांच्याकडून नाही कळलं, तर तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांच्या हजेरीच्या चौकीवर जा आणि मुकादमांना भेटा. तिथेही काम झालं नाही, तर कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकांच्या नावाने साधा अर्ज द्या. अर्जावर सहाही बिऱ्हाडांच्या सह्या घ्या. एकट्या घराचा अर्ज आणि अख्ख्या वाड्याचा अर्ज यांत फार फरक पडतो. डीपीजवळच्या ढिगाचा फोटो काढून महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर वेगळी तक्रार करा. ती दारातल्या संकलनाच्या अर्जात घुसडू नका, दोन्ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे जातात.

तुळशीबागेमागे
विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं आधी बघा. आमच्याकडे सगळा घोळ तिथेच होता. मुलं अभ्यासिकेतून रात्री परत येतात, पार्सलचे डबे साठतात आणि सकाळी सगळे झोपलेले असतात. घरमालकांनी कचऱ्याचे पैसे भाड्यातच धरावेत आणि मुलांसाठी दाराबाहेर दोन झाकणाच्या बादल्या ठेवाव्यात. दर महिन्याला मुलांकडे पैसे मागत बसलात तर कधीच जमणार नाही, कारण खोलीतली मुलं बदलत राहतात.

पत्र्याची_पेटी
मी काही वर्षं कचरावेचकांच्या मुलांच्या अभ्यासवर्गात शिकवायला जात असे, त्यामुळे हे काम जवळून पाहिलं आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण दारात उभ्या राहिलेल्या बाईचं काम काय असतं हे कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप ठरतात.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तोवर या बायका उकिरड्यावरून आणि कुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचत. लोक त्यांना चोर म्हणून हाकलत, पोलीस अडवत. पंचायतीमुळे त्यांना ओळखपत्रं मिळाली आणि हे काम आहे हे मान्य झालं. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. कुंडीत हात घालून वेचणारी बाई आपल्या दारात आली, हा केवढा मोठा बदल आहे.

या मावशींचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं. एक म्हणजे घरोघरचं महिन्याचं सेवाशुल्क आणि दुसरं म्हणजे सुक्यातून निघालेलं भंगार. शुल्काचा दर करारानुसार ठरलेला असतो, त्यात घासाघीस करायची नसते. ती त्यांची मजुरी आहे. दिवाळीला द्याल ते वेगळं.

आता सुक्याचं बघा. पुठ्ठा, वर्तमानपत्र, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे हे विकलं जातं. वेफर्सची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, तेल माखलेले पार्सलचे डबे यांना कोणी विचारत नाही, तरी ते उचलून, वाहून न्यावे लागतातच. तुमच्या घरातून कोरडा पुठ्ठा गेला तर त्याचे पैसे होतात. त्याच पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तो निव्वळ ओझं होतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकता राहू द्या. तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. पिशवी विसळून, निथळून द्या.

फीडर पॉइंटवर, म्हणजे ढकलगाडीतला कचरा महापालिकेच्या मोठ्या गाडीत देतात तिथे, एकदा उभ्या राहून बघा. मोठी गाडी यायच्या आत मावशींना ढकलगाडीतलं सगळं वेगळं करायचं असतं. एका हाताने पिशवीची गाठ सोडतात, दुसऱ्या हाताने चाचपतात. गाठ घट्ट असली तर पिशवी फाडावी लागते, आणि आत फुटकी काच असली तर ती बोटात जाते. म्हणून ओला कचरा पिशवीत बांधूच नका, बादलीतून थेट त्यांच्या डब्यात ओता. काच फुटली तर जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, दोरा बांधा, वर 'काच' असं लिहा आणि हातात देताना तोंडानेही सांगा.

पत्र्याची_पेटी
डायपर आणि सुयांचं राहिलं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि त्यावर लाल पेनाने मोठा ठिपका काढा. हा लाल ठिपका पुण्यातल्या कचरावेचक बायका बरोबर ओळखतात, ते पुडकं त्या उघडत नाहीत. हे ओल्यातही टाकायचं नाही आणि सुक्यातही मिसळायचं नाही, वेगळंच हातात द्यायचं. २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांकडे पाठवून दिल्या होत्या, 'तुमचा माल, तुम्हीच बघा' म्हणून. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं की उत्पादकांनी पॅड-डायपरसोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यावं. वेष्टन मिळालं तर ते वापरा, नाहीतर वर्तमानपत्र आहेच. मोठ्या माणसांचे डायपर ओले झाले की फार जड होतात. दोन-तीन दिवसांचे साठवून एकदम देऊ नका, रोजच्या रोज द्या.

इन्सुलिनची सुई कधीही सुट्टी टाकायची नाही. फिनेल किंवा डिटर्जंटची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, त्यात सुया टाकत जा आणि झाकण घट्ट लावून ठेवा. बाटली पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी लावा, वर 'सुया' लिहा. ही बाटली रोजच्या कचऱ्यात देऊ नका. नियमांत सुया, जुनी औषधं, ट्यूबलाइट, बॅटऱ्या हे सगळं घरगुती घातक कचऱ्यात येतं. ते वेगळं साठवून महापालिकेच्या संकलनात द्यायचं असतं. कुठे आणि कधी, ते मुकादमांना विचारून ठेवा.

नातूबागेजवळ
एक प्रश्न मनापासून विचारतो. आपण मिळकतकर भरतो, त्यात साफसफाईचाही भाग असतो. मग दारातल्या संकलनाचे वेगळे पैसे का? माझी आई एकटी राहते, पेन्शन तुटपुंजं आहे. तिला दर महिन्याचा प्रत्येक नवा खर्च जाणवतो.

शनिपारकर
प्रश्न रास्त आहे. नियमाच्या अंगाने सांगायचं तर घनकचरा नियमांत कचरा निर्माण करणाऱ्याने स्थानिक संस्थेने ठरवलेलं शुल्क द्यावं असं स्पष्ट आहे. पुण्यात घराघरातून गोळा करण्याचं शुल्क थेट कचरावेचकाच्या हाती जातं. रस्ते झाडणं, मोठ्या गाड्या, प्रक्रिया प्रकल्प हा महापालिकेचा खर्च वेगळा.

पण तुमच्या आईंसारख्यांसाठी वाड्याने मिळून सोय करायला हवी असं माझं ठाम मत आहे. आमच्या इमारतीत दोन आजींचे पैसे बाकीच्यांनी वाटून घेतले आहेत. त्या दोघींना कोणी तसं बोलूनही दाखवत नाही.

माजघर
शनिपारकर, तुळशीबागेमागे, पत्र्याची_पेटी, मनापासून धन्यवाद. सुयांची बाटली आजच केली. एक अडचण आहे. आमचा जिना अंधारा आणि चढा आहे. मावशींनी रोज दुसऱ्या मजल्यापर्यंत यावं हे मला बरोबर वाटत नाही, आणि सासरे खाली उतरू शकत नाहीत. दोरीने बादली सोडावी का?

पत्र्याची_पेटी
दोरीने नको. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर बादली लोंबत असते, आणि ओला कचरा त्याच्या अंगावर सांडतो. शिवाय माणसाला असं वरून काही सोडणं हे बघायलाही वाईट वाटतं. दिंडी दरवाज्याच्या आत, पावसाचं पाणी येणार नाही अशा कोपऱ्यात प्रत्येक बिऱ्हाडाच्या बादल्या ठेवा. ओल्याची हिरवी, सुक्याची निळी, दोन्हींवर झाकण आणि बाजूला बिऱ्हाडाचं नाव. कामाला जाताना घरातलं कोणीतरी बादल्या खाली आणेल, संध्याकाळी रिकाम्या वर नेईल. दिंडी किती वाजता उघडी ठेवायची ते मावशींशी ठरवा. आणि एक करा, चौकातल्या नळाला त्यांना हात धुता येतील असं बघा. जवळ साबण ठेवा.

गिरगावची_चाळ
मुंबईहून लिहितोय. तुमच्या डीपीमागच्या ढिगाबद्दल वाचून आमच्या हाऊस गल्ल्या आठवल्या. गिरगाव, काळबादेवीला दोन चाळींच्या मागच्या बाजूंमध्ये जेमतेम माणूस जाईल अशी फट असते. पूर्वी सफाई कामगारांना संडासापर्यंत पोचायला ती ठेवलेली होती. पुढे मागच्या खिडक्यांतून लोक त्यात कचरा टाकू लागले. सांडपाण्याचे पाइप तिथूनच जातात, ते तुंबतात आणि उंदीर होतात. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाची भीती असते. हाऊस गल्ली साफ करायला उतरणाऱ्या माणसाचे हाल मी डोळ्यांनी बघितले आहेत.

आमच्या चाळीत फरक पडला तो खिडक्यांना जाळी बसवल्यावर. नुसती पाटी लावून काही झालं नाही. तुमच्याकडेही डीपीपाशी 'येथे कचरा टाकू नये' लिहून भागणार नाही. त्या जागेवर रात्री उजेड पाडा, आणि सलग काही आठवडे सकाळी ती जागा पूर्ण स्वच्छ राहील असं बघा. एक पिशवी दिसली की दुसरी पडतेच. डीपीला हात मात्र लावू नका, कुंड्याही टेकवून ठेवू नका. वीज कंपनीच्या माणसांना तिथे पोचता आलं पाहिजे.

मांडवीकाठ
पणजीत सुका कचरा प्रकाराप्रमाणे वेगवेगळ्या वारी नेतात, त्यामुळे घरातच वेगवेगळ्या पिशव्या कराव्या लागतात. सवय लागली की आठ वर्षांची मुलंसुद्धा बरोबर टाकतात. सुका रोज देण्याचा हट्ट नसेल तर आठवड्यातून दोन वार ठरवा, जिन्यावरच्या फेऱ्या कमी होतील.

पर्वती_पायथा
ओल्यासाठी माझं आग्रहाचं सांगणं आहे की वाड्यात चौक असेल तर खत करा. पेठेतून ओला बाहेर गेला की तो कुठे जातो हे आपण विसरतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचऱ्यापायी विहिरींचं पाणी गमावलं, वास आणि माश्या सोसल्या, गाड्या अडवून आंदोलनं केली. तिथे मिश्र कचरा जाऊन पडत होता, आणि त्यात आपल्या पेठांचाही वाटा होता. मला ते फार लागतं.

पद्धत अवघड नाही. बुडाला आणि बाजूंना भोकं असलेला मोठा ड्रम किंवा मातीची कुंडी घ्या, खाली विटा लावा. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळक्या पानांचा जाड थर द्या. रोजची भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा बारीक करून टाका आणि दर वेळी वरून वाळकी पानं झाकण्यापुरती घाला. सुरुवातीला मूठभर तयार खत किंवा आंबट ताक घातलं तर लवकर कामाला लागतं. आतला ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका असावा. वास आला तर पाणी जास्त झालं आणि हवा कमी पडली असं समजा. उकरून वर-खाली करा, पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. केळीची सालं चिरून टाका, आंब्याची कोय उन्हात वाळवल्याशिवाय टाकू नका. दोन-अडीच महिन्यांत खालचा थर काळा, भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

पेठेत वाळकी पानं कुठून आणायची, असं विचाराल. पुण्यात 'ब्राउन लीफ' हा नागरिकांचा गट आहे. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत, त्यांची गाठ तो घालून देतो. शिवाय पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी काही केलं तर मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. प्रकल्प खरोखर चालू आहे का हे बघायला माणसं येतात, तेव्हा नुसतं कागदावर नको.

तुळशीबागेमागे
खाणावळीचं कोणी बोललं नाही. घराचा कचरा आणि धंद्याचा कचरा एकत्र करू नका. रोज शंभर किलोच्या वर कचरा होत असेल तर तो धंदा कचऱ्याच्या मोठ्या निर्मात्यांत मोडतो आणि त्यांना वेगळे नियम आहेत. वाड्यातली खाणावळ तेवढी मोठी नसणार, पण तिचं शुल्क आणि डबे वेगळे हवेत. नाहीतर घराच्या दरात मावशी उरलेल्या भाताची पातेली उपसत बसतील.

माजघर
बरीच हालचाल झाली, म्हणून सांगते.

शेजारच्या बोळात येणाऱ्या मावशींशी बोलणं झालं. आमचा बोळ आधी ज्यांच्याकडे होता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो सुटला होता. मावशींनी 'स्वच्छ'च्या समन्वयकांशी बोलून तो घेतला. वाड्यातल्या सगळ्यांची चौकात बैठक झाली आणि सहाही बिऱ्हाडं तयार झाली. पैसे आमच्याकडे जमा होतात, महिन्याच्या पाच तारखेला मी एकत्र देते आणि वहीत मावशींची सही घेते. मुलांच्या खोल्यांचे पैसे मालक भाड्यातून देणार आहेत.

वेळ पावणेनऊची ठरली. दिंडीच्या आत जुनी लाकडी बाजेची चौकट होती, तिला यांनी आकडे ठोकले. प्रत्येक आकड्याला एक बादली, म्हणजे मावशींना वाकावं लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी एक बादली उतरवली, आत हात न घालता हलवून बघितली आणि म्हणाल्या, "ह्याच्या बुडात पाणी आहे, निथळून देत जा, गाडी जड होते." सासूबाईंनी त्याच दिवशी मोरीत एक चाळणी ठेवली. सासूबाईंना डायपरचं फार अवघड वाटायचं, दुसऱ्याने उचलायचे म्हणून. लाल ठिपक्याची पुडकी त्या आता स्वतः बांधतात.

खाणावळवाल्या काकांनी आधी नको म्हटलं. मग तुळशीबागेमागे यांचं म्हणणं मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी स्वतंत्र ड्रम घेतला आणि वेगळे पैसे द्यायला लागले. भाजीच्या देठांचं खत करायचं म्हणताहेत, ड्रम चौकात ठेवायची परवानगी सगळ्यांनी दिली आहे.

नातूबागेजवळ
फार छान वाटलं वाचून. आमच्या वाड्यातही बैठक बोलावतो आहे. आईचे पैसे मीच भरणार, पण वरच्या मजल्यावरच्या काकूंचं वाटून घेऊ.

एक विचारायचं राहिलं. गणपतीत काय करायचं? विसर्जनाच्या दिवशी कुमठेकर रस्ता, लक्ष्मी रस्ता, सगळंच मिरवणुकीत असतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही गाडी शिरत नाही.

शनिपारकर
मावशींशी आठवडाभर आधी बोलून घ्या. आमच्याकडे त्या अनंत चतुर्दशीला पहाटे लवकर येतात आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतात, घ्यायलाच हवी. त्या दिवसांत सुका घरातच ठेवा, तो कुजत नाही. ओला खताच्या ड्रममध्ये घाला, वरून पानं जास्त घाला. निर्माल्य वेगळं ठेवा, हार सोडवून दोरे काढा, प्लॅस्टिकची मखराची फुलं त्यात जाऊ देऊ नका. घाटांवर निर्माल्य गोळा करायला कचरावेचक मंडळी उभी असतात, मूर्तीबरोबर नेलंत तर त्यांच्या हातात द्या, नदीत टाकू नका. आणि घरी शंभरच्या वर माणसं जेवायला असतील, कार्यालय न घेता बोळातच मांडव घालणार असाल, तर नियमाप्रमाणे तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवायचं असतं.

माजघर
शेवटचं एक. सासऱ्यांची जुनी कापसाची गादी आणि एक मोडकी लोखंडी खाट आहे. ही ढकलगाडीत जाणार नाही. रात्री कोणी डीपीपाशी नेऊन टाकायच्या आत मला ती हलवायची आहे.

पत्र्याची_पेटी
खाट भंगारवाला वजनावर घेईल, मावशींना आधी विचारा, त्यांच्या ओळखीत कोणी असतं. गादीसाठी 'स्वच्छ'चे व्ही-कलेक्ट, म्हणजे जुन्या सामानाच्या संकलनाचे कार्यक्रम होतात, त्यांत जुने कपडे, फर्निचर, बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं असं सगळं घेतात. तुमच्या भागात पुढचं कधी आहे ते समन्वयकांकडून कळेल. तोवर गादी वाड्यातच, कोरड्या जागी उभी करून ठेवा. भिजली तर कोणी घेणार नाही.

माजघर
समन्वयकांशी बोलले. रविवारी सकाळी नेऊन द्यायची आहे. गादी जिन्याच्या वळणावर अडते, तिथे खालून धरायला दोघं लागतील, वरच्या खोलीतली मुलं येतो म्हणाली आहेत.